मिरची मेक्सिकोची, ठेचा बायकांचा

(भोर-वेल्हे भागातल्या महिला मेळाव्यातील भाषण)



मघाशी मी विचारलं, आपलं पारंपरिक जेवण कोणतं? तुम्ही एका सुरात म्हणालात, नाचणीची भाकरी आणि ठेचा. आता गंमत बघा. नाचणी हजारो वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून आली. मिरची मूळची मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, त्यानंतर त्यांच्या जहाजांतून ती इकडे आली. त्याआधी तिखटाला मिरी होती, त्या मिरीवरूनच मिरची हे नाव पडलं. शेंगदाणा, मका, बटाटा, टोमॅटो हेही अमेरिका खंडातलेच.

मग आपलं काय? ही परकी मिरची कुणीतरी पहिल्यांदा पाट्यावर घेतली, लसूण-मीठ घालून रगडून पाहिली. त्या बायांची नावं कुठल्या बखरीत नाहीत.

मेक्सिकोतही असंच झालं. तिथल्या बाया मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, गुडघे टेकून दगडी पाट्यावर वाटत आणि भाकऱ्या थापत. चुन्यामुळे मक्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला, पण बायांची ही रीत मागेच राहिली. मग मक्यावरच जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा हा रोग जडला. बायांच्या ज्ञानाला अडाणीपणा समजलं, की असं होतं.

मेक्सिकोत विसाव्या शतकात गावोगाव गिरण्या आल्या, तेव्हा कुठे बायांचे रोजचे कितीतरी तास वाचले. आपल्याकडे जातं सुटलं तेव्हा आपल्या आयांना काय वाटलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

२०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला मानवजातीचा वारसा मानलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष ठरवलं, नाचणीचं कौतुक झालं. आनंदच आहे. पण वरकस जमिनीत वाकून नाचणी लावणारी, खुरपणारी, राखेत बी जपणारी बाई कुठे आहे? सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का? भाव ठरवताना तिला कुणी विचारतं का? आणि घरात ती जेवते सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं.

म्हणून दोन कामं करू या. आपल्या आज्यांकडून बियाण्याची, रांधण्याची माहिती लिहून घेऊ, त्यांच्या नावासकट. आणि आज रात्री चुलीपाशी मागे न राहता सगळ्यांबरोबर ताटावर बसू. वारशाचा मान तिथून सुरू होऊ दे.