काचेबाहेरचे बटण

सातबाऱ्याची प्रत स्कॅनरवर ठेवली, स्कॅनरच्या प्रोग्रामची विंडो उघडली, आणि ‘स्कॅन’ असे लिहिलेले बटणच कुठे दिसत नाही. चिखलीत, मेहकरात किंवा लोणारला, सेवा केंद्राच्या टेबलावर जुना संगणक किंवा अगदी लहान लॅपटॉप असला की असा प्रसंग येऊ शकतो. बटण हरवलेले नसते. ते स्क्रीनच्या खालच्या कडेपलीकडे गेलेले असते. विंडो मोठी आणि स्क्रीन लहान, एवढाच घोटाळा.

स्क्रीनचा आकार येथे इंचांत मोजून भागत नाही. संगणक मोजतो ते ठिपके, म्हणजे पिक्सेल. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या व्हीजीए पद्धतीत आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके होते. पुढे काचेच्या जाड मॉनिटरवर ८०० बाय ६०० आणि १०२४ बाय ७६८ ही मापे रुळली. मग २००७ साली असुसचा ‘ई पीसी’ हा सात इंची लॅपटॉप आला आणि माप उलट खाली घसरले: ८०० बाय ४८०. त्यानंतरच्या बहुतेक नेटबुकांनी, म्हणजे अशाच लहान लॅपटॉपांनी, १०२४ बाय ६०० हे माप धरले. रुंदीला ते पुरते, अडते ते उंचीला. सहाशेतून टास्कबारचे चाळीस ठिपके वजा केले की राहतात ५६०. सातशे ठिपके उंचीची विंडो त्यात मावणार कशी? प्रोग्राम लिहिणारा मोठ्या मॉनिटरसमोर बसलेला असतो, त्याला ही अडचण जाणवतच नाही. त्यातही छपाई, स्कॅनिंग, सेटिंग अशा कामांच्या कितीतरी विंडो ठरीव मापाच्या असतात. त्या ओढून लहान होत नाहीत आणि त्यांना खाली सरकवायची पट्टीही नसते.

स्क्रीन बरी असूनही हा त्रास होतो, त्याचे कारण पुष्कळदा लक्षात येत नाही. १३६६ बाय ७६८ ठिपक्यांच्या साध्या लॅपटॉपवर अक्षरे बारीक वाटतात म्हणून कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन आकार १२५ टक्के करून ठेवतो. अक्षरे मोठी होतात, पण त्यांच्याबरोबर विंडोही फुगतात. ७६८ला सव्वाने भागले की उरतात जेमतेम ६१४. चांगला लॅपटॉप असा घरबसल्या नेटबुक होतो. अशा वेळी आकार पुन्हा १०० टक्क्यांवर आणणे हा पहिला उपाय. मराठीची थोडी भर याही बाबतीत पडते. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. विंडोज २०००बरोबर आलेला ‘मंगल’ फॉन्ट तर दोन ओळींत इंग्रजीपेक्षा बरेच अंतर सोडतो. त्यामुळे तोच मजकूर मराठीत आला की उंची वाढते.

उपायांत सर्वांत भरवशाचा आहे तो कीबोर्ड. माउस काचेच्या आतच फिरतो, कीबोर्डला ती मर्यादा नाही. विंडोजमध्ये ऑल्ट दाबून धरून स्पेसबार दाबला की विंडोचा छोटा मेनू उघडतो. इंग्रजी विंडोजमध्ये त्यावर एम दाबावे आणि मग वरचा बाण दाबत राहावा. विंडो वर सरकते, तिचा माथा काचेबाहेर जातो आणि खालचे बटण दिसू लागते. जागेवर आली की एंटर. विंडो पूर्ण पसरलेली असेल तर ती आधी मूळ आकारात आणावी लागते, नाहीतर हलवण्याचा पर्याय फिका पडलेला दिसतो.

विंडो न हलवताही काम होते. टॅब दाबत गेले की निवड एका खान्यावरून पुढच्यावर जाते आणि शेवटी न दिसणाऱ्या बटणावरही पोहोचते. पण हे आंधळे दाबणे आहे. न दिसणाऱ्या भागात ‘रद्द करा’ही असते आणि एखादा प्रोग्राम बसवताना नको ते मान्य करणारी चौकटही असते. म्हणून तीच विंडो मोठ्या स्क्रीनवर एकदा उघडून टॅब किती वेळा दाबायचा ते मोजून ठेवलेले बरे.

ब्राउझरमधल्या अर्जाचे दुखणे हलके. कंट्रोल आणि वजाचे चिन्ह दाबले की पान लहान होते, कंट्रोल आणि शून्याने पूर्ववत होते, आणि एफ ११ने वरच्या पट्ट्या जाऊन पूर्ण स्क्रीन मोकळी मिळते. टास्कबार आपोआप लपेल असे सेटिंग केले तर आणखी चाळीस ठिपके हाती येतात. विंडोज १०मध्ये तो डाव्या-उजव्या कडेला उभाही करता येत असे; २०२१ साली विंडोज ११ आले तेव्हा ती सोय काढून टाकलेली होती.

लिनक्सवर हे काम जास्त सुटसुटीत होते. एक्सएफसीईसारख्या डेस्कटॉपवर ऑल्ट धरून विंडो कुठेही पकडावी आणि माउसने वर ओढावी. ‘एक्सरँडर’ ही आज्ञा तर मोठे चित्र लहान स्क्रीनवर दाबून बसवते. काही नेटबुकांवर विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंगांच्या साठ्यात, एक नोंद बदलून हेच साधता येत असे. २०१२च्या विंडोज ८मधली स्टोअरची ॲप १०२४ बाय ७६८पेक्षा कमी मापावर उघडतच नव्हती, तेव्हा अनेकांनी तो मार्ग धरला. सहाशे ओळींत ७६८ ओळी कोंबल्या की अक्षरे पुसट होतात. एखाद्या बटणापुरते ते चालते, दिवसभर नाही.

लॅपटॉपला बाहेरचा मोठा मॉनिटर जोडणे हा सरळ मार्ग. त्यातही एक खोड आहे: मॉनिटर काढल्यावर एखादा प्रोग्राम त्या गेलेल्या स्क्रीनवरच उघडत राहतो, आणि लॅपटॉपवर काहीच दिसत नाही. तेव्हा टास्कबारवरून तो प्रोग्राम निवडावा, ऑल्ट-स्पेस, एम, एकदा कोणताही बाण दाबावा आणि माउस हलवावा. विंडो त्याला चिकटून काचेत परत येते.