स्ट्रेस टेस्ट: दहा मिनिटं पुरे!

सेकंडहँड लॅपटॉपवरच्या भागानंतर तुमचा एकच प्रश्न सारखा येतोय: "दादा, घेण्याआधी ग्राफिक्स कार्डवर तासभर स्ट्रेस टेस्ट लावू का?"

माझं उत्तर: लावा, पण तासभर नको. का, ते सांगतो.

फरमार्कसारखं सॉफ्टवेअर एक केसाळ कडं स्क्रीनवर फिरवत ठेवतं आणि कार्डाला क्षणाचीही उसंत देत नाही. गेममध्ये ताण कमी-जास्त होतो, इथे तो सलग. मग चिप जळते का? सहसा नाही. ठरलेल्या मर्यादेपर्यंत तापली, की ती स्वतःच वेग कमी करते. अगदीच हाताबाहेर गेलं, तर मशीन बंद पडतं.

पण शेजाऱ्यांचं काय? चिपला वीज पुरवणारे छोटे भागही तापतात आणि त्यांचं टेंपरेचर बऱ्याच लॅपटॉपमध्ये आपल्याला दिसतच नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्सची उष्णता बाहेर नेणाऱ्या तांब्याच्या नळ्याही बहुतेकदा सामायिक असतात. एक तापला की दुसराही तापतो. शिवाय ही चिप सहसा मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. डेस्कटॉपसारखं कार्ड काढलं, नवं लावलं, असं होत नाही.

आता एक खरी गोष्ट. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिप्सच्या दुरुस्ती आणि वॉरंटीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं. पॅकेजिंगचं मटेरियल कमकुवत निघालं होतं. तापणं, थंड होणं, पुन्हा तापणं, यात चिपखालचे सोल्डरचे बारीक ठिपके तडकायचे. हे एका तासात नाही, हळूहळू होतं. म्हणून टेस्ट पास झाली, याचा अर्थ एवढाच की आज कूलिंग ठीक आहे. उद्याची हमी नाही. आणि आधीच खिळखिळं झालेलं मशीन तुमच्या हातात गेलं, तर विकणारा म्हणणार, "तुम्हीच बिघडवलंत." साठवलेले पैसे असे वादात जायला नकोत.

तर असं करा. आधी मालकाला विचारा. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. टेस्ट लावूच नका. लॅपटॉप टेबलावर ठेवा, गादीवर नाही. चार्जर त्याच मशीनचा, पूर्ण वॅटचा हवा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये टेंपरेचर बघत दहा मिनिटं चालवा. आकडा सुरुवातीला चढेल, मग एका जागी स्थिरावला पाहिजे. चढतच राहिला, स्क्रीनवर रेघा-ठिपके आले किंवा पंखा खडखडला, की लगेच थांबवा. खोलीत उकडत असेल, तर आकडाही वरच राहणार, हे धरून चाला.

आणि नंतर तुमचा नेहमीचा गेम अर्धा तास खेळा. रोज तोच ताण पडणार आहे, खरी परीक्षा तीच.

प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात!