पित्तनलिकेतला स्टेंट आणि राहून गेलेली तारीख



जूनमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात वह्यापुस्तकांची झुंबड असते. पाठोपाठ दगडूशेठसमोर गणपतीची गर्दी, मग जोगेश्वरीचं नवरात्र, मग दिवाळी. बुधवार पेठेतल्या दुकानदाराला उसंत कधीच नसते. पण पित्तनलिकेत स्टेंट असेल, तर ‘सीझन उरकला की दाखवतो’ हे म्हणणं जिवावर बेतू शकतं.

खडा अडकला किंवा गाठीचा दाब आला, की पित्ताची वाट बंद होऊन कावीळ होते. तेव्हा तोंडातून दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपी करून, तिथे बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. १९७९ साली हॅम्बुर्गच्या निब सोहेंद्रांनी ही वाट दाखवली आणि असंख्य रुग्णांची मोठी शस्त्रक्रिया टळली. खाज थांबते, डोळे निवळतात, भूक लागते. रुग्णाला वाटतं, झालं! हृदयातला स्टेंट कायमचा असतो, तसाच हाही असेल, अशी अनेकांची समजूत असते.

तसं नाही. प्लॅस्टिकचा स्टेंट जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा. आत जंतूंचा थर धरतो, त्यावर पित्ताचा गाळ साचतो. म्हणून साधारण तीन महिन्यांत तो काढावा किंवा बदलावा लागतो. वर्षानुवर्षं राहिला तर त्याच्याभोवतीच खडे धरतात आणि सहज निघणारी नळी काढणं कठीण होऊन बसतं. कधी ती जागची सरकते. धातूचा जाळीदार स्टेंट जास्त टिकतो, पण तुंबतो तोही.

हुडहुडी भरून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, पिवळे डोळे: यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पावसाळ्यात हा ताप मलेरियाचा समजून गोळ्या घेतल्या जातात. कावीळ दिसली की कुणी माळ घालायला नेतं. तेवढ्यात जंतू रक्तात पसरतात. अँटिबायोटिक हवंच, पण तुंबलेली नळी मोकळी केल्याशिवाय नुसत्या औषधानं भागत नाही.

बुधवार पेठेच्या गल्ल्यांतल्या बायका, बाहेरगावचे कामगार यांचे पत्ते आणि फोन बदलत राहतात. स्टेंट काढायला या, हा रुग्णालयाचा निरोप पोहोचत नाही. माझी डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे: स्टेंट कसला, कधी बसवला, कधी काढायचा, हे डिस्चार्ज कार्डावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून द्या. आणि श्रोतेहो, त्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गावी गेलात, तर तिथल्या डॉक्टरांना तोच आधी दाखवा.