पांच कांचांचें एक चित्र

हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रज छायाचित्रकारानें १८५८ सालीं 'फेडिंग अवे' हें चित्र लोकांपुढें मांडलें. क्षयानें खंगलेली मुलगी, जवळ दोन स्त्रिया, आणि खिडकीशीं पाठमोरा उभा असलेला पुरुष. एवढ्या दुःखाचें छायाचित्र काढावें, हेंच पुष्कळांना अनुचित वाटलें. वास्तविक, श्रोतेहो, त्या खोलींत कोणी मरत नव्हतें! मुलगी धडधाकट होती, आणि चित्र पांच निगेटिव्हांचें होतें.

एकेक भाग निरनिराळ्या वेळीं कांचेवर घ्यावयाचा. एक भाग छापतांना उरलेला कागद झांकावयाचा. मग त्या उरल्या जागीं दुसरी कांच ठेवावयाची, अशी ती रीत. ऑस्कर रेलँडर यानें आदल्याच वर्षीं तिसांहून अधिक निगेटिव्हें जोडून भव्य चित्र केलें होतें. ही निव्वळ हौस नव्हे. त्या काळच्या भिंगांतून जवळचें व दूरचें एकदम स्पष्ट येणें कठीण असे.

तोच प्रसंग कुंचल्यानें रंगविला असता, तर कोणी फारसें रागावतें ना. छायाचित्रावर मात्र लोकांचा विश्वास होता, आणि तोच दुखावला. रॉबिन्सननें जोडकाम लपविलें नाहीं, हें त्याला भूषणावह होय. ही कला शिकणारा आजचा विद्यार्थी संगणकावर घटकाभरांत सांधा बेमालूम करतो. परंतु एकीवर डावीकडून उजेड व दुसरीवर उजवीकडून, असें झालें कीं सोंग उघडें पडतें. रॉबिन्सन आधीं कागदावर रेखाटन करी, तें उगीच नव्हे. आणि त्या नावाजलेल्या, निंदिलेल्या चित्राची एक प्रत व्हिक्टोरिया राणीचे पति आल्बर्ट यांनीं विकत घेतली.