मिरी औषधाला हात देते, औषधाची जागा घेत नाही

 

आज एका जखमेची गोष्ट सांगते. आमच्या गटातली एक ताई कालवं काढायला खाडीत उतरली आणि कालवाची धार टाचेत घुसली. तिने हळद भरली. दोन दिवसांत पाय सुजला, पू झाला. शेजारणीकडे उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या होत्या, त्या तीन दिवस घेतल्या. ठणका थांबला तशा बंद केल्या. आठवड्याने जखम पुन्हा चिघळली. पुन्हा त्याच गोळ्या, आणि सोबत मिरी-हळदीचा काढा. मैत्रिणींनो, काढ्याचा सल्ला माझा होता. "मिरी घाल, औषध लवकर लागू पडतं," असं मीच तिला सांगितलं होतं.

शेवटी पू तपासायला पाठवला. डॉक्टर म्हणाले, या गोळ्यांना हे जंतू दाद देत नाहीत. दुसरं औषध, इंजेक्शनं, दवाखान्यात मुक्काम. मजुरी बुडाली, गटाचं कर्ज काढावं लागलं. मला फार लागलं ते. मग मी विचारलं, वाचलं. मिरीबद्दल मी ऐकलं होतं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं.

होडीत पाणी शिरलं की आपण काय करतो? भांडं घेतो आणि उपसून बाहेर टाकतो. काही जंतू तेच करतात. औषध त्यांच्या अंगात शिरलं की ते बाहेर उपसून टाकतात. त्यासाठी त्यांच्या अंगावर अगदी बारीक पंप असतात. मिरीत पायपरीन नावाचं द्रव्य असतं, तिचा तिखटपणा त्यामुळेच. हे द्रव्य उपसणाऱ्याचा हात धरतं. औषध आतच राहतं आणि जंतूला मारतं. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली हे दाखवलं. जखमेत पू करणाऱ्या एका जंतूवर त्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिन आणि पायपरीन एकत्र वापरलं, तेव्हा कमी औषधात काम झालं. पण हे प्रयोगशाळेतल्या जंतूंवर, माणसाच्या जखमेवर नाही.

याच प्रयोगशाळेने अहमदाबादच्या कॅडिला कंपनीबरोबर काम केलं आणि २००९ मध्ये क्षयाचं एक औषध बाजारात आलं. त्यात रिफॅम्पिसिन नेहमीच्या ४५० मिलिग्रॅमऐवजी २०० आणि पायपरीन १० मिलिग्रॅम. इथे मिरीचं काम वेगळं आहे. ती औषध पोटातून रक्तात जास्त उतरवते.

आता लक्षात घ्या, ते १० मिलिग्रॅम मोजून घातलेले, माणसांवर तपासलेले. आपल्या काढ्यात किती उतरतं, कुणाला माहीत? आणि मिरीचं द्रव्य औषध पाहून काम करत नाही. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाणही ते वाढवू शकतं. मग औषध जास्त होऊन त्रास होतो. आमटीत, सारात मिरी खुशाल घाला. पण गोळ्या चालू असताना औषध म्हणून रोज काढा किंवा चूर्ण घेणार असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

अर्धवट औषधाने काय होतं? कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार क्षयरुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंना लागू पडत नव्हतं. मुंबई आपल्यापासून किती लांब? आपली पोरं तिथेच कामाला जातात.

म्हणून आमच्या गटाने चार गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हीही बैठकीत बोला.

एक, गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही.

दोन, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. उरलेली गोळी शेजारणीला द्यायची नाही. उसनं मीठ द्या, औषध नको.

तीन, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आशाताईला सांगून थुंकी तपासून घ्यायची. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. गोळ्यांनी लघवी नारिंगी झाली तर घाबरून बंद करू नका, रिफॅम्पिसिनने तसं होतं. पण डोळे पिवळे दिसले, सारख्या उलट्या झाल्या, तर लगेच दवाखाना गाठा.

चार, जो काढा, जे चूर्ण घेत असाल ते डॉक्टरांना सांगायचं. लाजायचं नाही.

त्या ताईची टाच आता भरली आहे. परवा ती पुन्हा खाडीत उतरली, या वेळी पायात जाड बूट घालून. जाताना मला म्हणाली, "सल्ला दे गो, पण पुरा दे." तोच आज तुम्हाला देते आहे.