उपासनेतला पाहुणा

एका ख्रिस्ती स्नेह्यांबरोबर अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रविवारच्या उपासनेला गेलो. दारात पाळकसाहेबांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "सलाम!" माझं नाव त्यांना अजून कुणी सांगितलेलंही नव्हतं. इकडच्या मराठी ख्रिस्ती समाजाची ही जुनीच रीत.

आत पेटी, तबला, टाळ. पदं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण ओवी-अभंग काही सोडला नाही. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही ओवीतच. याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. आणि मला मात्र कविसंमेलनात अजून विचारतात, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?"

मग प्रभुभोजन. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकावरून सरकत माझ्याकडे आलं. हजरत ईसा आम्हालाही पैगंबर. पण त्यांच्या क्रुसावरच्या मरणाविषयी आमची श्रद्धा वेगळी. तो तुकडा श्रद्धेनं घ्यायचा, भिडेखातर नव्हे. मी ताट दोन्ही हातांनी शेजारच्या आजींकडे दिलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि आपला तुकडा उचलला.

पुढे आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना झाली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक बाई त्यात होत्या. आजींनी हात जोडले, मी दुवेसाठी ओंजळ धरली. सगळे 'आमेन' म्हणाले. मी 'आमीन' म्हणालो.