तिऱ्हाईताच्या भरवशावर

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या साही तालुक्यांतून आलेल्या संगणक व्यवसायातल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी आज एकाच कामाविषयी बोलणार आहे. आपण बांधलेले वेब ॲप्लिकेशन एपीआयच्या खिडकीतून बाहेरच्या सेवांना जोडण्याचे हे काम आहे. पैसे पाठवायला एक सेवा, संदेश धाडायला दुसरी, नकाशाला तिसरी, हवामानाला चौथी. इंग्रजीत त्यांना थर्ड पार्टी म्हणतात. आपल्याकडे नेमका शब्द आहे, तिऱ्हाईत. तिऱ्हाईताशी व्यवहार करताना आपली वडीलधारी माणसे जी खबरदारी घेत, ती आपण प्रोग्रॅम लिहिताना घेत नाही, हे मला आज सांगायचे आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या आपल्या मालेगावपासून सुरुवात करतो. शेतकऱ्यांना पावसाचा अंदाज दाखवणारे एक छोटे पान मी काही वर्षांपूर्वी केले. गावाचे नाव घ्यायचे, नकाशाच्या सेवेकडून अक्षांश-रेखांश मागायचे, ते हवामानाच्या सेवेला द्यायचे, एवढाच मामला. पंधरा दिवस सगळे सुरळीत वाटले. मग एका शेतकऱ्याचा फोन आला, "भाऊ, तुमच्या पानावर आठ दिवसांपासून पाऊस नाही, अन् माह्या वावरात तं गाळ झाला." शोधले तेव्हा कळले, 'मालेगाव' म्हणताच नकाशाने नाशिक जिल्ह्यातले मोठे मालेगाव दिले होते, इथून सुमारे अडीचशे किलोमीटरवरचे. कारंज्याचेही तसेच. आपले कारंजा लाड, आणि वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे. दोन्ही सेवांनी बिनचूक उत्तर दिले होते, उत्तरासोबतचा आकडाही यशाचा, २००. प्रश्न मी अर्धवट विचारला होता. आपला जिल्हा ७७ रेखांशाच्या आसपास आहे, नाशिकचे मालेगाव साडेचौऱ्याहत्तरच्या. आलेला रेखांश एकदा ताडून पाहिला असता तर चूक जागच्या जागी सापडली असती. म्हणून गावाच्या नावावर विसंबू नका. तालुका-जिल्हा जोडा, किंवा केंद्र सरकारने प्रत्येक गावाला दिलेला स्थानिक शासन निर्देशिकेचा क्रमांक वापरा. आणि बाहेरून आलेले उत्तर तपासल्याशिवाय घरात घेऊ नका.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली, ती सांगतो.

कारंज्याच्या एका आडत दुकानाचे काम माझ्याकडे होते. हर्रास झाला, मापाऱ्याने माल मोजला, काटापट्टी झाली, हिशोब झाला, की शेतकऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायचे. ऑक्टोबर महिना, सोयाबीनची ऐन गर्दी. माझा प्रोग्रॅम पेमेंट सेवेला विनंती पाठवी, तीस सेकंद वाट पाही, आणि उत्तर आले नाही तर पडद्यावर लिही, 'पैसे गेले नाहीत'. एके दिवशी उत्तर आले नाही. दुकानाच्या मुनीमजींनी बटण पुन्हा दाबले. पैसे दोन्ही वेळा गेले होते, फक्त पहिल्या वेळचे उत्तर वाटेत हरवले होते. मानोरा तालुक्यातला तो शेतकरी दुसऱ्या दिवशी एसटीने आला आणि म्हणाला, "एकाच मालाचे दोनदा आले, पाहून घ्या." तो आला म्हणून रक्कम परत मिळाली. आला नसता तर ती मुनीमजींच्या पगारातून कापली गेली असती. चूक त्यांची नव्हती. चूक माझ्या एका वाक्याची होती. 'उत्तर आले नाही' याचा अर्थ मी 'पैसे गेले नाहीत' असा लावला होता.

मित्रहो, पैशाच्या विनंतीला दोन उत्तरे नसतात, तीन असतात. गेले, नाही गेले, आणि कळले नाही. या तिसऱ्या उत्तरासाठी डेटाबेसमध्ये वेगळा रकाना आणि पडद्यावर वेगळे वाक्य हवे. उपाय तर बाजार समितीच्या आवारातच पडलेला आहे. काटापट्टीला क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा माल दोनदा विकता येत नाही, पट्टी कितीदाही दाखवा. बऱ्याच पेमेंट सेवा हीच सोय देतात, तिला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. विनंती पाठवण्याआधी आपण आपला क्रमांक ठरवायचा, तो आधी स्वतःकडे नोंदवायचा, मग विनंतीसोबत धाडायचा. उत्तर आले नाही तर त्याच क्रमांकाने पुन्हा विचारायचे. सेवा क्रमांक ओळखते आणि पैसे पुन्हा न पाठवता जुनेच उत्तर देते. क्रम मात्र पाळा. क्रमांक नंतर नोंदवला आणि मध्येच वीज गेली, तर सगळे मुसळ केरात. वेबहुकचेही तसेच. त्यात पेमेंट सेवा स्वतःहून निरोप पाठवते, पण निरोप दोनदा येतो, उलट्या क्रमाने येतो, कधी भलताच कोणी पाठवतो. म्हणून सही तपासा आणि त्याच क्रमांकाशी ताडा. काही सेवा रक्कम पैशांत मागतात, ५,००० रुपयांसाठी ५,००,००० लिहावे लागतात, तेही पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

पुन्हा विचारायचे म्हणजे किती वेळा? १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडखळले. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने कारण सांगितले, ते आपण प्रत्येकाने भिंतीवर लावावे असे आहे. काही बँकांकडून 'त्या व्यवहाराचे काय झाले' अशी विचारणा एकसारखी होत राहिली आणि त्या पुरात मूळ यंत्रणा गुदमरली. पुढे १ ऑगस्ट २०२५ पासून मर्यादा आल्या. एका ॲपमधून दिवसात ५० वेळाच शिल्लक पाहता येते. बंद दारावर सारखे धक्के देणाऱ्याला आपण गावात शहाणा म्हणत नाही. एक सेकंद थांबा, मग दोन, मग चार, मग आठ. त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवा, म्हणजे सगळी दुकाने एकाच क्षणी दार ठोठावणार नाहीत. आणि काही प्रयत्नांनंतर विचारणे थांबवा, माणसाला कळवा.

संदेशांची तऱ्हा वेगळी. ८ मार्च २०२१ ला ट्रायच्या नियमांनुसार नोंदणी नसलेले संदेश अडवायला सुरुवात झाली आणि देशभर ओटीपी येईनासे झाले. सात दिवसांसाठी ती छाननी थांबवावी लागली. आज नोंदवलेल्या मजकुरातला एखादा शब्द बदलला तरी संदेश अडतो. शिवाय मराठीत लिहिले तर एका संदेशात १६० ऐवजी ७०च अक्षरे बसतात, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. खर्च वाढतो म्हणून बरेच जण रोमन लिपीकडे वळतात. मला ते पटत नाही. ज्याच्या वर्षाच्या कमाईचा तो निरोप आहे, त्याला तो वाचता यायला हवा. मजकूर आखूड करा, लिपी सोडू नका.

हे वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न याच नगरात लावले आहे. सोयरिकीआधी घराणे पाहतात, तसे सेवेच्या अटी वाचा. ट्विटरने फेब्रुवारी २०२३ मध्ये एपीआयचा फुकट वापर बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यावर उभी असलेली कितीतरी छोटी कामे कोलमडली. म्हणून प्रत्येक सेवेचा कोड एका वेगळ्या फाइलीत ठेवा. उद्या सेवा बदलली तर तेवढी एकच फाइल बदलावी लागेल.

किल्ल्यांबद्दल थोडक्यात. एपीआय की कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकणे म्हणजे दुकानाची किल्ली कुलपालाच अडकवून घरी जाणे. आणि शेतकऱ्याचा आधार क्रमांक, सातबारा, मोबाइल नंबर आपल्याकडे आहे म्हणून तिऱ्हाईताला देऊ नका. हवामानाला अक्षांश-रेखांश पुरतात, नाव लागत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण तो नसता तरी ही माहिती आपली नव्हतीच.

सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत माझी एक विनंती ऐका. चाचणीच्या संगणकावर प्रत्येक सेवेची तार एकेक करून तोडून पाहा. पडद्यावर 'समथिंग वेंट राँग' आले तर ते काढून टाका आणि त्या जागी लिहा, 'बँकेकडून अजून उत्तर नाही. पैसे पुन्हा पाठवू नका. काटापट्टी क्रमांक अमुक. संध्याकाळी पाचपर्यंत कळवतो.' आणि पाचच्या आत त्या माणसाला खरोखर कळवा.